वगळलेलं पातळ

माझं काम शब्द हाकलायचं. ऑनलाइन जाहिरात कोणत्या शोधावर दाखवायची नाही, त्याची एक यादी असते. 'फुकट', 'नोकरी' असले शब्द त्या यादीत जातात. पूर्वी ती मी हाताने करायचो. आता मशीन आपोआप शब्द निवडतं आणि मी आदिलाबादच्या घरी बसून फक्त 'मंजूर' दाबतो. दुपारपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात. मग वाचणं कमी आणि दाबणंच जास्त होतं.

इचोड्याला माझ्या मावशीचं कापडाचं दुकान आहे. काका गेल्यापासून ती एकटीच ते चालवते. तिची जाहिरात मीच मोठ्या हौसेने सुरू करून दिली होती. आसपासच्या खेड्यांतल्या बाया फोनला तोंडाने सांगून शोधायच्या, त्यांना तिचं दुकान दिसायचं आणि बाजाराच्या दिवशी त्या सुती पातळं न्यायला यायच्या. मावशीचा सगळा जीव त्या पातळांच्या कप्प्यात.

मग त्या यायच्या थांबल्या. "काऊन रे, आपल्या बाया येऊनच नाई राह्यल्या," ती फोनवर म्हणाली. फॅशन बदलली असेल, असं मी सांगून टाकलं. खरं म्हणजे मला यादी उघडायचा कंटाळा आला होता. पुढे तिने विचारणंही सोडलं.

बऱ्याच महिन्यांनी सहज तिची यादी उघडली, तर तिच्यात 'पातळ'! 'पातळ केस', 'पातळ संडास उपाय' असलं शोधणारे जाहिरातीवर बोट ठेवून तसेच परत जात होते, म्हणून मशीनने तो शब्दच वगळायला काढला होता. आमच्याकडे साडीला पातळ म्हणतात, हे त्याला कुठून कळणार? पण मंजूर मी केलं होतं. माझी आई आजही पातळच म्हणते. मला माझीच लाज वाटली.

शब्द यादीतून काढला आणि दोन दिवसांनी बसने इचोड्याला जाऊन मावशीला सगळं सांगितलं.

"मंग तुया मशीनले पातळ म्हंजे काय वाटलं?"

"जुलाब."

ती पोट धरून हसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "अन् मी म्हनो, आता माहीच पसंद जुनी झाली."

मी मागे कप्प्याकडे पाहिलं. तिथे गाऊन आणि लेगिंग लावलेले होते.

तेवढ्यात एक म्हातारी बाई आत आली. हातातला फोन मावशीपुढे धरून म्हणाली, "बाई, तुमच्याइथं सुती पातळं हायेत म्हने?"

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"होते माय," ती म्हणाली. "मागच्याच महिन्यात सारे वापस केले."