शालीची गाठ

मला सातवा महिना लागला होता आणि जानेवारीअखेरच्या पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण होतं. चंद्र उगवणार तोच पूर्ण झाकलेला. असं ग्रहण संध्याकाळी, आपल्याच गच्चीवरून दिसणं दुर्मीळ असतं. कॉलेजपासून मला आकाशाचा नाद. नोकरी लागल्यावर सगळ्यात आधी घेतली ती कॅमेऱ्याची लांब पल्ल्याची लेन्स. त्यामुळे पोटुशी आहे म्हणून खिडक्या लावून आत पडून राहणं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सासूबाईंच्या डोक्यात मात्र दुसरं काहीच नव्हतं. पनवेलजवळ विचुंब्याला त्यांच्या जुन्या घराच्या जागेवर इमारत उभी राहिली, तिच्यात आम्ही राहतो. नवरा बंदरावर कामाला, त्या दिवशी त्याची ड्यूटी होती. मी ट्रायपॉड उचलला तशा त्या दारात आल्या.

"आज वर जायाचा नाय."

"आई, पृथ्वीची सावली पडते फक्त."

"सावली तर सावली. आमी सगल्यांनी पालला, तू पण पाल."

मी ऐकलं नाही. जिना चढून गेले. थोड्या वेळाने त्या मागोमाग आल्या, हातात प्लास्टिकची खुर्ची आणि त्यांची जाड शाल. मला खुर्चीत बसवलं, शाल पोटावरून गुंडाळली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून पाठीमागे घट्ट गाठ मारली.

चंद्र दिसेना. माथेरानच्या डोंगराच्या डावीकडे तो वर आलेला असणार हे मला माहीत होतं, पण संधिप्रकाश आणि खाणींची धूळ यांत काही कळत नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच दाखवला. "तो काय?" विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, मळका लाल. मी कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवला, दोन सेकंदांचं एक्स्पोजर दिलं, आणि स्क्रीनवर तो पहिल्यांदा नीट गोल दिसला. सासूबाई वाकून बघत राहिल्या. आयुष्यातलं प्रत्येक ग्रहण त्यांनी बंद दाराआड काढलं होतं. म्हणाल्या, "तांब्याचा हाय गो." उजेडाची पहिली कड परत येईपर्यंत आम्ही दोघी वर होतो.

तीन आठवड्यांनी पोटातली हालचाल थांबली. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सोनोग्राफीचं मशीन पोटावरून पुन्हा पुन्हा फिरवलं आणि मग बाजूला ठेवलं. मुलगी होती. कळा आणवून तिला जन्म द्यावा लागला. बाहेर बसलेल्या नवऱ्याला आणि सासूबाईंना डॉक्टरांनी आत बोलावून शांतपणे समजावलं, "नाळेला गाठ पडली होती. बाळ फिरताना कधीतरी अशी पडते, ती पुढे आवळली जाते. यात कुणाचा दोष नाही."

"गाठ?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, नाळेलाच."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हा कळलं नाही. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं.

पुढच्या दिवसांत भेटायला बायका येत. मी आतल्या खोलीत पडलेली, बाहेरचं सगळं ऐकू यायचं. एक काकू म्हणाल्या, "शिकल्या-सवरल्या मुली, कॅमेरा घेऊन गच्चीवर जातात. मग काय व्हायचं?"

"तिला बोलू नका," सासूबाई म्हणाल्या. "गाठ मी मारली. गिराणात मी माज्या हातानी तिच्या पोटावर गाठ मारली."

मी उठून बाहेर गेले. त्या बाईंसमोरच सांगितलं की शालीचा आणि नाळेचा काही संबंध नाही. नंतरही कितीदा सांगितलं. नाळेचं चित्र काढून दाखवलं. नवऱ्याने त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. त्या सगळं ऐकून घेत, मान हलवत, आणि रात्री बसून जपमाळ ओढत. त्यांनी मला दोष दिला असता तर मी भांडले असते. हे मला कुठूनच पकडता येत नव्हतं. कधी कधी वाटायचं, दुःख करायची पाळी माझी होती आणि मी मात्र त्यांचीच समजूत काढत बसले आहे.

मला पुन्हा दिवस राहिले नाहीत.

काही वर्षांनी नोव्हेंबरात पुन्हा ग्रासलेला चंद्र उगवणार होता. जाऊ की नको, असं माझं दिवसभर चाललं होतं. सासूबाईंनीच विचारलं, "वर जाशील ना?" मी हो म्हटलं. त्यांनी खिडक्या लावल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि दाराला कडी घातली.

चंद्र डोंगरावर येईपर्यंत ग्रहण संपतच आलं होतं, कडेचा लहानसा तुकडा काळा उरला होता. चार-पाच फोटो मिळाले. बरे आले. ते मी कुणाला पाठवले नाहीत.

खाली येऊन त्यांच्या खोलीचं दार वाजवलं. आतून आवाज आला, "सुटला?"

"सुटला, आई."

त्या बाहेर आल्या, मला डोक्यापासून पायांपर्यंत नीट बघितलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी गॅस पेटवला. भात मी लावते म्हटलं, तर म्हणाल्या, "तू बस."