समुद्र पाहिलेली गोजरबाई

पुणतांब्यात सगळ्यात जास्त फिरलेली बाई कोण, असं कुणालाही विचारा, गोजरबाईचं नाव सांगतील. प्रत्यक्षात ही बाई श्रीरामपूरच्या पुढं गेलेली नाही. हे तिच्या घरच्यांना ठाऊक, आणि शेजारी म्हणून मला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात, पण एवढा एक भिजवला.

तिचा मुलगा अजिनाथ दर दिवाळीला बायकोपोरांना घेऊन गाडीनं फिरायला जातो. आईलाही चल म्हणतो. पण दारात दोन जर्सी गाई. दोन्ही वेळ डेअरीला दूध घालायचं, आणि त्या गाई गोजरबाईशिवाय दुसऱ्याच्या हाताला पान्हा चोरतात. मग आई घरी राहते, आणि तिच्यासाठी वस्तू येते. आमची वस्ती गावाबाहेर मळ्यात, डेअरीची गाडी दारात येते, त्यामुळं ती मागं राहिल्याचं गावाला कळत नाही. बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट असंच भरलं. पोटात दिवा लागणारा ताजमहाल, काश्मीरची लाकडी होडी, गोव्याचं करवंटीचं माकड, कन्याकुमारीचा शंख. रोज दुपारी ती एकेक वस्तू काढून पदरानं पुसते.

कपाट बघायला पहिल्यांदा आली रतनबाई. तिनं विचारलं, "काकू, तुमी बी गेल्त्या का?" गोजरबाई बोलून गेली, "गेल्ते की." नाही म्हणाली असती, तर रतनबाईनं आठवडे बाजारापर्यंत बातमी पोचवली असती की, अजिनाथ बायकोला मिरवतो आन् आईला शेणात ठेवतो. लेकाच्या अब्रूसाठी एक लबाडी केली, मग तिच्या सोबतीला दुसरी लागली. पुढं तर बाईला रंगच चढला. ताजमहालाची फरशी पायाला कशी गार लागते ते सांगायची. पाहुणीच्या कानाला शंख लावून म्हणायची, "आसाच घुमतो बया. झोप न्हाई लागत."

यंदा जानेवारीत बचत गटाची मुरूडला सहल ठरली. गोजरबाईनं पंधरा दिवस आधीच तयारी केली. सून राजनंदिनीला आपलं लुगडं नेसवून गाईखाली बसवली. पहिले चार दिवस गाईनं बादली लाथाडली, राजनंदिनी दोनदा काष्ट्यात अडकून पडली. मी कुंपणावरून बघत होतो, हसायची चोरी. पाचव्या दिवशी गाय लुगड्याच्या वासाला फसली. गोजरबाई त्या दिवशी मला म्हणाली, "तात्या, आता समुद्र बघतेच."

मग गटाची बैठक झाली. अध्यक्ष यशोधरा म्हणाली, "गाडी सतरा जणींची, आपण अठरा. एकीला थांबावं लागंल."

रतनबाई म्हणाली, "त्यात काय इचार करायचा? काकूंनी तर तीन समुद्र एका जागी पाह्यलेत."

सगळ्या गोजरबाईकडं बघायला लागल्या. यशोधरा शहाणी पोर. म्हणाली, "काकू, मनात असंल तर सांगा. चिठ्ठ्या टाकू."

"मला काय करायचंय," गोजरबाई म्हणाली, "परत तेच पानी बघून."

संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी म्हणालो, "आत्ता जाऊन यशोधराला खरं सांगतो. निदान चिठ्ठी तरी पडंल."

"सांगा. मंग रतनी म्हनंल, लेकानं आईला कदी नेलंच न्हाई. पोरगं दर साली चल म्हनतं हो, मीच गाईपायी ऱ्हाते. पन ते कोन ऐकनार?"

मी काही गेलो नाही. अजिनाथला कळल्यावर तो म्हणाला, "आई, मे महिन्यात मी नेतो." मे महिन्यात थोरली गाय व्यायची आहे. तेव्हा लुगड्यानं भागायचं नाही, हे गोजरबाईला ठाऊक.

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी चहाला मी त्यांच्याकडंच होतो. राजनंदिनीच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला. यशोधरानं कॅमेरा फिरवला. गोजरबाईनं मोबाईल डोळ्यांपाशी धरला. लाटा बघत राहिली. चहावर साय धरली.

तेवढ्यात रतनबाईचं ओलंचिंब तोंड पडद्यावर आलं. "काकू, तुमी सांगितला तसाच हाय का वो?"

"तसाच हाय," गोजरबाई म्हणाली. "बाजूला सर जरा, रतने. मधी येतीस."