अर्धं शटर

आबा कुणाशीही बोलताना थोडे वाकायचे आणि मान एका बाजूला कलती करायचे. समोर मोकळं अंगण असलं तरी. मला आधी वाटलं, कंबरेचं दुखणं असेल. मग कळलं की ही बँकेतल्या कॅशियरची खिडकी. सगळा जन्म काचेतल्या त्या खालच्या भोकातून बोलण्यात गेला. रिटायर झाल्यावर काच गेली, वाकणं राहिलं. शिरूरच्या बाजारात वांगी घेतानाही ते असेच वाकायचे. भाजीवाली मावशी म्हणायची, "आबा, सरळ हुभं ऱ्हावा की. मी काय काचंच्या मागं बसलीय व्हय?"

नोकरी संपते, पण अंगातून जात नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याविषयी मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. पण लिहायला हवं असं वाटतं.

मी शिरूरजवळच्या निमोण्याची. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. शिष्यवृत्तीसाठी खातं काढायला शिरूरच्या बँकेत गेले, तेव्हा माझ्या मागून येणाऱ्या प्रत्येकाला मी पुढं जाऊ देत होते. खिडकीशी जाऊन काय बोलायचं, तेच ठरत नव्हतं. मागून आवाज आला, "पोरी, तू रांगेत हायस का दारवान हायस?"

मी आणखी बाजूला सरकले.

"सरकू नको. आधी आलीस तर आधी तुझं. बोल तू, मी हाय मागं."

तेच आबा. आपलं पासबुक भरायला आले होते. पुढं मी खोली घेतली ती त्यांच्याच आळीत निघाली. आजी, म्हणजे त्यांच्या घरच्या, मला थालीपीठ द्यायच्या आणि आबा मला प्रश्न विचारायचे. मी पुटपुटले की म्हणायचे, "ऐकू न्हाई आलं. मोठ्यानं." तेव्हा राग यायचा. आता कुठंही उभी राहून बोलते, ते त्यामुळंच.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला स्थानिक प्रश्नावर प्रकल्प करायचा होता. माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी कांदा घेतला, उरलेल्यांनी दूध. आबा म्हणाले, "आमची पेन्शन घे की. कांद्यावानी रडवती ती बी."

त्यांनी मला समजावलं ते असं. बँकेतल्या माणसाची मूळ पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते आणि तिथंच गोठते. वर महागाईचं थोडं थोडं वाढतं, तेवढंच. पुढं पगार वाढत गेले, म्हणून नंतर रिटायर झालेल्यांना जास्त मिळते. ज्याला आबांनी नोटा ओळखायला शिकवल्या, त्याची पेन्शन आबांपेक्षा मोठी. आणि आबांच्याही आधी जे रिटायर झाले, त्यांची सगळ्यांत लहान. सगळ्यांची पेन्शन नव्यानं ठरवावी, अशी या म्हाताऱ्यांची मागणी होती.

"लहान म्हणजे किती लहान?" मी विचारलं.

"चल, दाखवतो."

न्हावऱ्यावरून एसटीनं चौफुल्याला आणि तिथून केडगावला गेलो. तिथं बाई राहायच्या. आबांच्या शाखेतल्या पहिल्या महिला क्लार्क, त्यांच्या कितीतरी आधी रिटायर झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. स्टेशनापासून जवळ दोन खोल्यांचं स्वतःचं घर, पुढं जास्वंद.

"काय कॅशियर, आज वाट चुकलात?" बाई कॉटवरूनच म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "मी यांच्या शाखेत नवीन आले तेव्हा हे मला म्हणाले, बाई, नोटा मोजताना तुमच्या बांगड्या वाजतात, काढून ठेवा. मी म्हटलं, तुमचं तोंड वाजतं, ते कुठं काढून ठेवता?"

आबा लहान मुलासारखे लाजले.

बाई न्हाणीघरात पडल्या होत्या. दिवसा एक कामवाली यायची. रात्री सोबत कुणी नव्हतं, आणि सोबतीला माणूस ठेवायचं तर पेन्शन पुरत नव्हती. पुण्याचा भाचा न्यायला तयार होता. चांगला मुलगा होता तो. पण ते घर चौथ्या मजल्यावर होतं.

"दिवाळीपर्यंत बघते," बाई म्हणाल्या. "तोवर काही वाढलं तर राहीन. नाही तर हे घर विकून जाईन त्याच्याकडं. त्याचं घर छान आहे गं. पण पाहुण्यासारखं किती दिवस बसायचं?"

परतताना उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी अडकली होती. एरवी आबांनी ड्रायव्हरला दोन सूचना केल्या असत्या. त्या दिवशी ते तिकिटामागं सोबतिणीच्या पगाराचा हिशेब मांडत होते.

त्याच महिन्यात दौंडला मीटिंग होती. शिरूर-दौंडकडचे सगळे बँकवाले पेन्शनर स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये जमले. मीही वही घेऊन मागं बसले. संघटनेचे पुण्याचे साहेब आले होते. सज्जन माणूस. त्यांनी सांगितलं, वर बोलणं झालंय, अलीकडं रिटायर झालेल्यांचं आधी होईल, जुन्यांचं पुढच्या टप्प्यात बघू. तसा ठराव करून द्या. आबा पहिल्या टप्प्यात बसत होते.

हात वर होऊ लागले. आबा उठले. वाकून, मान कलती करून म्हणाले, "माझा न्हाई."

"आवो आबा, तुमचंबी काम होतंय की त्यात! कशाला खोडा घालता?" शेजारचे एक मामा म्हणाले.

"मामा, टाइम संपला की आपण काय करायचो? शिपाई शटर अर्धं खाली वढायचा. नवा मानूस आत येत नसे. पण जे आत हुभे असायचे, त्यांना कुणी हाकललं का?"

"तुम्ही तर पाच मिंटं आधीच वढायला लावायचा!" मागून कुणी तरी ओरडलं. हॉल हसला.

आबाही हसले. "लावायचो. चहा पडायचा वाट बघत. पन आतल्या एकाला तरी परत धाडला का, सांग. हिशेब मिळंस्तोवर बसलोय मी, पन आधी रांग संपवायची." मग आवाज एकदम खाली आला. "आज जे सगळ्यांच्या आधी आले, तेच आत हुभे हायेत. कुणी नव्वदीचं, कुणी पडलेलं. त्यांना सांगायचं, तुम्ही उद्या या? त्यांना उद्या हाय का?"

बाहेरून एक मालगाडी धडधडत गेली. मग त्या मामांनीच आपला हात खाली घेतला. साहेब म्हणाले, "ठराव बदलून लिहू. सर्वांत जुने आधी."

तेवढ्यानं काही झालं नाही, हे सांगायला हवं. पत्रं गेली, दोनदा माणसं मुंबईला जाऊन आली. याच दिवसांत आबांना दम लागू लागला होता. शेवटी दिवाळीच्या तोंडावर बातमी आली, सर्वांत जुन्या पेन्शनरांना दरमहा जादा रक्कम मंजूर झाली. मागितली होती तेवढी नाही. पण रात्रीची सोबतीण ठेवता येईल, इतकी.

आबा तेव्हा शिरूरला दवाखान्यात होते. मी कॉटशी जाऊन मोठ्यानं सांगितलं.

"बाईंचं झालं?"

"झालं, आबा. त्या केडगावलाच राहतायत."

"मंग ब्येस." त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "प्रकल्पाला मार्क किती पडले?"

सांगितले, तर म्हणाले, "कांदावाल्यांना किती?"

माघात आबा गेले. त्यांचा टप्पा तोवर आला नव्हता. आता आजींना कुटुंब पेन्शन मिळते. ती आबांच्या जुन्याच पेन्शनचा एक भाग, म्हणून तिच्याहूनही कमी.

गेल्या महिन्यात उरलेल्यांच्या टप्प्यासाठी दौंडला पुन्हा मीटिंग झाली. मी आजींना घेऊन गेले. दारात रिक्षा थांबली आणि सोबतिणीचा हात धरून बाई उतरल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच मीटिंगला आल्या होत्या. आजींशेजारच्या खुर्चीत बसल्या. बोलणी लांबली. बाईंचा चेहरा दमलेला दिसला, तेव्हा मी जवळ जाऊन म्हटलं, "बाई, रिक्षा बोलावू का? तुमचं तर झालंय."

त्यांनी पदर सावरला, आजींचा मांडीवरचा हात आपल्या हातात घेतला आणि समोर बघत म्हणाल्या, "माझं झालंय गं. हिचं राहिलंय."

आणि खुर्ची थोडी पुढं ओढून बसल्या.