बहिऱ्या माइकनं ऐकलेलं

भुताखेतांच्या गोष्टी मी थट्टेवारी नेतो. नोकरी देवासच्या कारखान्यात, छंद सोल्डरिंगचा... ज्याला तार जोडता येत नाही, त्यावर माझा विश्वास बसत नाही. तरी हे लिहितोय, कारण आमच्या धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या लग्नाची कॅसेट अजून माझ्याकडे आहे.

ऐंशीनंतरची वर्षं. आमचं घर माळव्यात, धारला. आमच्यात मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या आईनं मंडपात थांबायचं नाही, मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसायचं. ताईच्या लग्नात आई अशीच बसली. "तुला सगळं टेपवर ऐकवतो," असं मी मोठ्या तोंडानं सांगितलं होतं. पण बँड आणि ढोलापुढे माझ्या वाटाण्याएवढ्या माइकनं हात टेकले. कॅसेटभर नुसती फरफर! आईचं तोंड एवढंसं झालं. सुमी शेवटची. आता चुकलं की कायमचं चुकलं.

"टेपवर ऐकायला शास्त्राची मनाई नाही ना रे, दिनू?" आई पुन्हापुन्हा विचारायची.

या वेळी मी माइकच्या पाठीवरची तांब्याची बारीक पट्टी ब्लेडनं कापली, मध्ये रेझिस्टर टाकला आणि आवाज तिथूनच बाहेर काढला. म्हणजे माइकला मुद्दाम बहिरं केलं — मोठा आवाज आला तरी फाटू नये म्हणून. जरा जास्तच बहिरा झाला म्हणा... ताई समोर बसून बोलली, तर टेपवर चकार शब्द नाही!

लग्नात तो मी मंडपाच्या खांबाला बांधला. वर भटजींचा भोंगा, समोर बँड. ढोलवाला हसला, "ओ भिया, इत्तो सो माइक? ढोल की थाप से उड़ी जायगो!"

"तुम बजाओ तो सही," मी म्हटलं. आणि काय वाजवलं म्हणता! पत्रे थरथरत होते.

सुमीची पाठवणी झाली. आईचे डोळे ओलेच होते. मी कॅसेट लावली. मंगलाष्टकं लख्ख, ढोलाचा ठोका न् ठोका मोकळा.

"क्या बात है रे दिनू!" ताई ओरडली. आई मांडीवर ताल धरू लागली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

शेवटचं ‘सावधान’ झालं, बँडचा दणका उडाला... आणि त्या दणक्यात, कानाशी बोलावं तसा, आईचा आवाज.

"सुमे, हसत जा गं. रडलीस तर बघ!"

मी टेप थांबवला. "आई, तू मंडपात आली होतीस?"

"छट्! तुळशीपाशीच होते."

"मी हिच्या शेजारीच होते रे," ताई म्हणाली. "हिनं ब्र काढला नाही तोंडातून."

"कसा काढणार? तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं," आई म्हणाली. "मनातच म्हटलं होतं मी."

पुढे माइक उघडून पाहिला, कॅसेट दुसऱ्यांच्या टेपवर लावून पाहिली, कारखान्यातल्या जाणकारांना विचारलं — आजतागायत उत्तर नाही. त्या संध्याकाळी मी डोकं धरून बसलो होतो, आणि आई मात्र डोळे पुसत खुदुखुदु हसत होती.

"अरे, कसं झालं ते तू शोध बापडा. पोरीच्या लग्नात मी होते, मला एवढं पुरे. लाव बघू परत!"