तीन सॉफ्टवेअर आणि एक हळद

"समदं बरं हाय, पण..." असे म्हणून मालक हेडफोनचा एक कान वर उचलत. उघड्या कानाने ते समोरच्याचे ऐकत आणि झाकलेल्या कानाने सॉफ्टवेअरचे. वाक्य ते पुरे करत नसत. ते मनातल्या मनात पुरे होई आणि त्यांच्या भुवया खाली येत. तेवढ्यावर समोरच्याने ओळखायचे की, आणखी एक सॉफ्टवेअर नापास झाले.

मालक माण गावचे. शेत आयटी पार्कात गेले, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी इमारत बांधली आणि खोल्या भाड्याने दिल्या. भाडेकरू त्यांना मालक म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. तळमजल्यावरची एक खोली मात्र त्यांनी कधीच भाड्याने दिली नाही. तिच्या भिंतींना फोम होता, दाराला आतून गोधडी ठोकलेली होती आणि मधोमध एक माइक उभा होता. हा त्यांचा स्टुडिओ. आमच्या वर्तमानपत्राने ऐकायचे बातमीपत्र सुरू केले, ते रेकॉर्ड करायचे काम माझ्याकडे आले आणि भूगावातल्या माझ्या फ्लॅटखाली दिवसभर बांधकामाचा मिक्सर फिरत असे. त्यामुळे माझी आणि मालकांची ओळख झाली.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. गाडी घ्यायची म्हणून वर्षभर शोरूम पालथी घालतात आणि ऑफिसला बसनेच जातात. गाणे रेकॉर्ड करण्याच्या बाबतीत मालकांचे तसे झाले होते.

त्यांच्या संगणकावर रेकॉर्डिंगची तीन सॉफ्टवेअर होती. नावे ते घेत नसत. पडद्याच्या रंगावरून ओळखत. एक करडे, एक निळे, एक काळे. करडे त्यांनी विकत घेतले होते. बाकीची दोन चाचणीच्या मुदतीवर असत. मुदत संपली की ती काढायची, त्याच रंगाची दुसरी आणायची. भाडेकरू मुलांपैकी एकाने त्यांना चोरीची प्रत देऊ केली होती. मालकांनी ती घेतली नाही. म्हणाले, चोरीची म्हस दूध देती, पण हंबरताना जुन्या मालकाच्या गोठ्याकडंच बघती.

एकदा बातमीपत्रासाठी यातले कोणते घ्यावे, असे मी सहज विचारले. उत्तराला अख्खी दुपार लागली. करडे स्वस्त, हलके, जुन्या संगणकावरही पळते आणि त्यात सगळे करता येते. फक्त कुठे ते आपण शोधायचे. "तलाठ्यासारखं हाय ते. काम करतंय, पण इचारल्याबिगर कायबी सांगत न्हाई." निळ्यात ढोल, ताशा, बासरी सगळे तयार मिळते, चहा उकळेपर्यंत चाल बांधून होते. पण माणसाने गायलेले त्यात घ्यायचे, तर नाकी नऊ येतात. वरातीला बेस, असे त्यांचे मत. काळे सगळ्यांत भारी. चार वेळा गायलेल्यातले चांगले चांगले तुकडे उचलून एक गाणे करते, बेसूर आवाज सुरात बसवते. मात्र त्यांच्या संगणकाला ते झेपत नसे. गाणारा इकडे गाई आणि त्याच्या कानात ते जरा मागून येई. "शेजारच्या म्हातारीवानी हाय. आपुन बोललं की तेच पुन्हा आपल्याला सांगती."

मग घेऊ कोणते?

"समदी बरी हायेत, पण..."

मी फोनवरचे फुकटचे घेतले. त्यानंतर काही दिवस मालक माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होते.

त्यांचे काम गावभर वाजले ते एकदाच. शेजारच्या एका गावाला कचऱ्याच्या गाडीवर वाजवायची सूचना हवी होती. अर्ध्या मिनिटाचे काम. मालकांनी ते तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये करून पाहिले आणि शेवटी डावा-उजवा आवाज ज्यात सुरेख फिरतो, ते निवडले. ओला कचरा डाव्या कानात, सुका कचरा उजव्या कानात. हेडफोन लावून ऐकल्यावर मलाही ते आवडले होते. गाडीला मात्र एकच भोंगा होता आणि त्याला जोडलेली तार डाव्या बाजूची होती. गाडी रोज गल्लोगल्ली फिरून फक्त ओला कचरा मागत राहिली आणि लोक तेवढाच देत राहिले. पुठ्ठे आणि प्लॅस्टिक दारोदार साठले, तेव्हा सरपंचांचा फोन आला. मालक शांतपणे म्हणाले, गाडीला दुसरा कान न्हाई, त्याला मी काय करू?

एवढी यंत्रे होती, पण पुरे झालेले गाणे त्या खोलीत एकही नव्हते. तुलना होती. ती कधी संपत नव्हती आणि मालकांना त्याची घाई नव्हती.

घाई आली ती त्यांच्या थोरल्या बहिणीमुळे.

आक्का धरणाकडच्या एका गावात दिलेल्या. त्या भागात हळदीची गाणी म्हणावीत ती आक्कांनीच. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितले की, शस्त्रक्रिया लांबवता येणार नाही आणि नंतर आवाज राहीलच असे नाही. इकडे नातीचे लग्न ठरले होते. नवरा मुलगा परदेशात नोकरीला, त्याला रजा मिळणार ती शस्त्रक्रियेनंतर. म्हणजे नातीच्या हळदीला आक्का असणार, पण त्यांचे गाणे असेल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. नातीने फोनवर रेकॉर्ड करून पाहिले. ते ऐकून आक्का म्हणाल्या, ह्यात मी बोक्यावानी गातीया. बारक्याकडं एवढी खोलीभर यंत्रं हायेत, ती काय पूजेला मांडल्यात?

बारक्या म्हणजे मालक. आक्का गायला आल्या त्या दिवशी मी माझ्या बातमीपत्रासाठी गेलो होतो आणि माझी पाळी येईपर्यंत कोपऱ्यात बसून होतो. नातीने आक्कांना माइकसमोर बसवले. हेडफोन लावून घेताना त्या कुरकुरल्या, पण लावू दिला. मग त्यांनी घरच्या हळदीचे गाणे म्हटले. त्यात नवरीला हळद लावणाऱ्यांची नावे एकेक करून येतात, घरातल्या सगळ्यांची. आवाज गोड नव्हता. विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सरळ खाली जाणारा होता.

"बेस झालं आक्का," मालक म्हणाले. "आता निळ्यात म्हण."

त्यांनी पुन्हा म्हटले. मग मालकांनी काळे उघडले. तिसऱ्या वेळी शेवटच्या नावांपाशी आवाज फाटला, आक्कांना खोकला आला. नातीने पाणी दिले. पाणी पिता पिता त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले.

"का रं बारक्या, नवरीला तीनदा हळद लावत्यात व्हय?"

मालकांनी समजावले. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकणार, मग कोणत्यात चांगले आले ते ठरवणार. एकदा नीट ठरले की पुढचे सोपे.

"तू ठरवशील तवर माझा गळा डाक्टरकडं असंल," आक्का म्हणाल्या. हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवला, पदर नीट केला आणि नातीला म्हणाल्या, चल. मालक दारापर्यंत गेले, गाडीपर्यंत गेले. आक्का काचेतून समोर रस्त्याकडे बघत होत्या. त्यानंतर त्या गायल्या नाहीत. गळा दुखत होता.

मालकांनी तिन्ही गाणी ऐकली. काळ्यातले सगळ्यांत स्वच्छ होते, पण त्यात आक्का दमल्या होत्या. मालकांनी सूर सरळ करायची सोय लावली. आवाज सुरात बसला. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, ही आक्का न्हाई, आक्काची सून वाटतीया. आवाज खरा होता तो पहिल्या वेळचा, करड्यातला. पण पहिली वेळ म्हणजे नुसती चाचणी, असे धरून मालकांनी छताचा पंखा बंदच केला नव्हता. गाण्याखाली तो पंखा घरघरत होता.

मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा पडद्यावर एकच चौकोन होता. निळे आणि काळे गेले होते. मुदत संपली का, असे मी विचारले. मालक म्हणाले, मुदत हाय, पण गाणं एकच हाय, त्याला तीन घरं कशाला? या वेळी 'पण'च्या पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले.

करड्यात एक सोय होती. जिथे कोणी गात नसेल, ती जागा ते आपोआप कापून टाकते. पंखा ऐकू येई तो त्याच जागांत. मालकांनी त्या कापल्या. पंख्याची घरघर जवळपास नाहीशी झाली, गाणे ताठ उभे राहिले. इतक्या वर्षांतले त्यांचे पहिले पुरे गाणे. मला त्यांनी ते तीनदा ऐकवले.

शस्त्रक्रिया झाली. आवाज राहिला नाही. बऱ्या झाल्यावर आक्का एका दुपारी, मी स्टुडिओत असताना आल्या, गळ्याभोवती पदर गुंडाळून. मालकांनी गाणे लावले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. नावे सुरू झाली तसा आक्कांनी हात वर केला. मालकांनी थांबवले, मागे नेले, पुन्हा लावले. पुन्हा त्याच जागी हात वर. मालकांना वाटले, आवाज मोठा झाला. त्यांनी कमी केला. आक्कांनी मान हलवली. मग त्यांनी मालकांचा माउसवरचा हात धरला, टेबलावर दाबून ठेवला, बराच वेळ तसाच धरला आणि सोडला.

मालक खाली बसले.

माझ्याकडे न बघताच त्यांनी सांगितले. गाण्यात गेलेल्या माणसांचीही नावे घ्यायची असतात. आईचे, आजीचे. त्यांच्या नावाआधी गाणारीने थांबायचे. "लांबनं यायचं असतंय त्यास्नी. आन मी त्यांचा रस्ताच कापून टाकला."

कापलेल्या जागा त्यांनी परत आणल्या. पंख्यासकट. कोणती किती लांब ठेवायची, ते पडद्यावरच्या आकड्यांवरून ठरले नाही. आक्का तळहात उभा धरत आणि मग खाली सोडत. मालक तेवढेच ठेवत.

हळदीला मी गेलो होतो. मालकांनी ती आपल्याकडे, माणलाच ठेवली होती, घरासमोर मांडव होता. पिरंगुटच्या एका स्पीकरवाल्याला बोलावले होते. आक्का नातीच्या शेजारी पाटावर बसल्या होत्या. गाणे लागले. एकेका नावाला तो तो माणूस उठे, हळद लावी, कोणी जास्त लावली की बायका हसत. आत्यांचे नाव झाले, मामीचे झाले आणि गाणे थांबले. मोठ्या स्पीकरमधून नुसता पंखा घरघरू लागला. काहीतरी अडकले असे वाटून स्पीकरवाल्याने बटणाकडे हात नेला. मालकांनी त्याचे मनगट धरले. त्यांनी ते जोरात धरले असावे, कारण तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला.

पंखा घरघरत राहिला. मग आक्कांच्या आवाजाने त्यांच्या आईचे नाव घेतले. उठायला कोणी नव्हते. आक्कांनी ताटातली हळद घेतली आणि आईच्या वतीने नातीच्या गालाला लावली.