दर्यावरचं बिऱ्हाड

बदलीचा हुकूम आला की शहाणी माणसं घर शोधतात. मी समुद्र शोधला, आणि त्याच्या काठावर जे पहिलं रिकामं घर दिसलं ते घेऊन मोकळा झालो.

एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. कसालजवळच्या आमच्या गावातून मी मालवणच्या कचेरीत आलो. बिऱ्हाड आणण्याआधी जागा ठरवावी म्हणून एकटाच एसटीने गेलो. हेडक्लार्कांनी मोठ्या मायेने कचेरीतल्या लोकांची वस्ती दाखवली. शेजार चांगला, शाळा जवळ, विहीर बारमाही. ‘‘इथं तुम्हाला काही कमी पडायचं नाही,’’ ते म्हणाले. मी मान डोलावली आणि गाडीला वेळ होता म्हणून किनाऱ्यावर गेलो. तिथं घात झाला.

आमच्या गावात नजर कुठंतरी अडते. डोंगराला, फणसाला, नाहीतर शेजाऱ्याच्या कुंपणाला. इथं ती सुटली ती परत आलीच नाही. रापणीचं जाळं ओढणं चाललं होतं. दोन्ही टोकांना माणसं दोर धरून मागं रेलत होती आणि पाण्यातला तो भला मोठा अर्धगोल हळूहळू लहान होत होता. शेवटी जाळं वाळूवर आलं तेव्हा आत सगळी चांदी तडफडत होती. मी तोंड उघडं टाकून उभा. कुणीतरी ‘‘बाजूक रवा हो!’’ म्हणून ओरडलं, तेव्हा भानावर आलो. मागे माडांत एक घर रिकामं होतं. ओटी थेट समुद्राकडे उघडी. मालकाला मी एकच प्रश्न विचारला, ‘‘हे इथून रोज दिसतं?’’

घरी बायकोने मात्र नीट चौकशी केली.

‘‘शेजार कसो आसा?’’

‘‘दर्या आसा.’’

‘‘नि शाळा?’’

‘‘आसतली खंय तरी.’’

‘‘नि पाणी?’’

‘‘ता बघूक इसारलंय,’’ मी म्हटलं. त्यावर ती उठून भांडी घासायला बसली. ही तिची रागवायची पद्धत.

चैत्र सरताना आम्ही पोचलो. आई, बायको, दोन मुली, ट्रंक आणि पाटा-वरवंटा. आईने समुद्र बघितला, हात जोडले, आणि अंगणातल्या बावीत, म्हणजे विहिरीत, वाकून म्हणाली, ‘‘रे झिला, भायर येवढा पाणी आणि हयसर वाटीभर कित्याक?’’

बाव चिऱ्यांची, उथळ. पाणी गोडं, पण उन्हाळ्यात घोट्याइतकंच. आजूबाजूची पाच-सहा घरं तिच्यावरच. बायका कळशी अलगद तिरकी करून पाणी घेत, मग पाणी साठेपर्यंत काठावर गप्पा मारत बसत. बायकोला या बसण्याचा वीट आला. एक दिवस तिने ट्रंक खाटेखालून बाहेर काढली आणि दाराशी ठेवली.

‘‘पावसाआधी पाण्याची सोय झाली नाय तर मी पोरींका घेवन कसालाक जातंय. तुमी बसा दर्या बघीत.’’

आता मी डोंगराकडचा माणूस. आमच्याकडे उन्हाळ्यात बावीचं पाणी आटलं की तळ खणतात. जितकं खोल, तितकं पाणी. इतकी साधी गोष्ट इथल्या लोकांना सुचू नये, याची मला कीवच आली. सगळ्यांना थक्क करावं म्हणून मी मुहूर्तही तसाच धरला. वाडीतलं वऱ्हाड होड्यांतून वेंगुर्ल्याला लग्नाला गेलं होतं. मी गावाहून दोन खणणारे आणले आणि कमरेइतकी वाळू उपसून काढली.

पाणी आलं! भसाभस आलं. आईने नारळ फोडला. मी काठावर उभा राहून बायकोला म्हटलं, ‘‘भर कितीव कळश्ये!’’ तीही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहात घातलेलं दूध नासलं. दूधवाल्याला दोष देऊन मी कोरा चहा मागितला आणि एक घोट घेतला. आईने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, ‘‘साखर कमी पडली?’’

साखर नाही कमी पडली. त्यात समुद्र होता.

त्याच दुपारी वऱ्हाड परतलं. बायका हळदीच्या हातांनी कळशा घेऊन आल्या. मी आत खांबाआड. शेजारची म्हातारी, नवरदेवाची आजी, तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, बावीत वाकून पाहिलं आणि अंगणातला वाळूचा ढीग पाहिला.

‘‘क्लार्कानू, भायर येवा!’’

मी आलो.

‘‘कोणी सांगल्यान तुमका खणूक?’’

‘‘पाणी कमी होता म्हणान...’’

‘‘अरे, कमी नाय होता, वर होता! खाली सगळो दर्या. तेच्यार गोडा पाणी निजला आसा, दुधावर साय तशी. तू सायीतसून हात घालून खालच्याक उठवलंस!’’

सगळ्या बायका हसल्या. कुणी म्हणालं, ‘‘आता मीठ इकत घेवक नको गो.’’ माझी बायको हसली नाही. ती आत गेली आणि ट्रंकेत लुगडी भरू लागली.

मला वाटलं होतं, वाडी आता आम्हाला उभं करणार नाही. त्यांचं पिण्याचं पाणी मी घालवलं होतं. पण म्हातारीने पोरांना हाका मारल्या, आणि रापण ओढणारीच ती माणसं, लग्नाच्या कपड्यांतच, वहाळातली, गोड्या पाण्याने धुतलेली रेती पाट्या भरभरून आणू लागली. हातोहात रांग लागली. मीही रांगेत उभा राहिलो. ‘‘क्लार्कानू, कंबर वाकवा, नाचाक नाय ईलास!’’ असं सगळे ओरडत होते. संध्याकाळपर्यंत बाव होती तेवढी उथळ झाली. तोपर्यंत माझ्या हातांना फोड आले होते.

पुढे कितीतरी दिवस वाडी लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होती. आमच्या दारातली ट्रंक भरलेली, पण एक कळशी रोज न सांगता ओटीवर येई. म्हातारी म्हणे, ‘‘बावीक हात लावू नको. तिका निजाक दी.’’ मी जाता-येता वाकून बघे. तेव्हाच मला दिसलं, भरतीला बावीतलं पाणी चिऱ्यावरच्या खुणेपर्यंत चढतं, ओहोटीला उतरतं. बाहेर दर्या श्वास घेई आणि आमच्या अंगणात बाव घेई. हे सगळं वर-खाली होत असताना ती पातळ गोडी साय फुटत नव्हती. किनाऱ्यावरून दिसणारा समुद्र मला मोठा वाटला होता. हा घराखालचा बघून तर मी कचेरीत जायचंही विसरू लागलो.

मृगाच्या तोंडावर एका संध्याकाळी बायको बावीवर गेली. कळशी अलगद तिरकी केली, वरवरचं पाणी घेतलं, तळहातावर ओतून चाखलं. मी खांबाला धरून उभा. तिने पुन्हा चाखलं. मग आत जाऊन चूल पेटवली, त्याच पाण्याचा चहा ठेवला, दूध घातलं, आणि आम्ही दोघंही पातेल्याकडे बघत राहिलो.

दूध नासलं नाही.

तिने पहिला कप शेजारी म्हातारीला नेऊन दिला. परत येताना दारातल्या ट्रंकेला पाय लागला तशी म्हणाली, ‘‘बघीत काय रवलात? एका बाजून धरा. खाटेखाली जागा आसा.’’