आम्रपालीताईंची फाईल

तळवड्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्रपाली कांबळेंना सगळे ताईच म्हणत. चाकणच्या एका कारखान्यातली लाइन चालवणारा प्रोग्राम त्या सतरा वर्षे सांभाळत होत्या.

लाइन थांबली की ती आधी चालू करायची, एवढीच घाई असे. खरा बिघाड शोधायला सवड मिळत नसे. पण बिघाडाची नोंद बंद करताना दोष प्रोग्रामच्या कोणत्या फाईलमध्ये होता, ते लिहावेच लागे, आणि प्रत्येक फाईल कुणा एकाकडे असे. नवी पोरे गांगरत. मग ताई म्हणत, "माझी फाईल लिही. तुझं अजून कायम व्हायचंय."

हळूहळू तशी रीतच पडली. ताई रजेवर असल्या तरी त्यांचीच फाईल लिहिली जाई.

"ताईंची फाईल म्हणजे पाणपोई आहे भावा," पोरे म्हणत. ताईही हसत.

यंदा कंपनीने दोष शोधायला मशीन लर्निंग आणले. जुन्या नोंदी वाचून ते शिकले, आणि बिघाड आला की संशयित फाईलींची यादी देऊ लागले. दर वेळी पहिली फाईल ताईंची. साहेबांनी ठरवले, ताईंकडून काम काढून घ्यायचे.

त्या पोरांपैकीच एक, गणराज, आता टीमचा प्रमुख होता.

"ताई, नोंदी दुरुस्त करून द्या. त्याला पुन्हा शिकवू. शुक्रवारपर्यंत मी साहेबांना थोपवतो."

"तुझ्या दोन नोंदी धरून?"

"त्या आधी घाला," तो खाली बघत म्हणाला.

ताई तीन दिवस बसल्या. त्यांच्या फाईलवर टाकलेल्या दोनशे बारा नोंदींपैकी खात्रीने आठवल्या एकोणतीस, तेवढ्या त्यांनी दुरुस्त केल्या. बाकीच्यांचा खरा दोष कुणी शोधलाच नव्हता. लाइन सुरू झाली होती आणि सगळे चहाला गेले होते. 'माहीत नाही' असे लिहायची तिथे सोय नव्हती. अंदाजाने दुसऱ्या कुणाची फाईल लिहावी, असे एकदा मनात आले. पण कुणाची लिहायची? त्यांनी त्या नोंदी तशाच ठेवल्या.

शुक्रवारी नवी यादी आली. ताईंची फाईल जागची हलली नव्हती.

"मी साहेबांशी परत बोलतो, ताई," गणराज म्हणाला.

"काय बोलशील? लिहिलेलं तर आपणच आहे."

सोमवारी दुसऱ्या टीममधली मैत्री काम समजून घ्यायला आली. ताईंनी फाईल ओळीओळीने समजावली. दुपारपर्यंत वाचून मैत्रीने विचारले, "ताई, इतके दोष आहेत म्हणतात, ते यात नेमके कुठे आहेत?"

"मला सतरा वर्षांत तीन सापडले," ताई म्हणाल्या, आणि ते तीन कुठे होते, ते दाखवू लागल्या.